सरावाचा अ‍ॅम्प कमी आवाजात ऐकून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली की घरातली सगळी चर्चा गिटारभोवती फिरते. कुठल्या बनावटीची, कुठल्या रंगाची, पिकअप किती, यात दिवसच्या दिवस जातात. अ‍ॅम्प्लिफायर मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. गिटारसोबत मिळतो तो, नाहीतर ज्याच्या खोक्यावर वॅटचा आकडा मोठा तो. खरेदीविषयी जो मजकूर छापून येतो त्यातही अ‍ॅम्पच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. शिकणाऱ्याचं नुकसान इथेच होतं, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र. आवाज सतत पातळ आणि किरकिरा येत राहिला की शिकणाऱ्याला वाटतं, आपली बोटंच वळत नाहीत. घरच्यांना वाटतं, आवड टिकली नाही. आणि दोष असतो पायाशी ठेवलेल्या त्या डब्यात.

मुख्य सांगणं असं की सरावाचा अ‍ॅम्प रोज ज्या आवाजात वाजणार आहे त्याच आवाजात, म्हणजे घरातल्या बोलण्याच्या पातळीवर, ऐकून घ्यावा. मोठ्या आवाजात जवळजवळ सगळेच अ‍ॅम्प दणदणीत वाटतात. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या अनुषंगाने येतं.

'घरी म्युझिक सिस्टिम आहे, त्यालाच गिटार लावू' हा विचार पहिल्यांदा बहुतेकांच्या मनात येतो. तसं का जमत नाही हे कळलं तर अ‍ॅम्प निवडणंही सोपं जातं. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण सिग्नल तयार होतो. त्याच्यावर भार पडता कामा नये, म्हणून गिटार अ‍ॅम्पचा इनपुट साधारण 10 लाख ओहम रोधाचा ठेवलेला असतो. म्युझिक सिस्टिमचा ऑक्स इनपुट दहा-वीस हजार ओहमचाच असतो. त्यात गिटार खुपसली की वरची धार आधी गळते आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. दुसरं कारण स्पीकरचं. गिटारचा स्पीकर साधारण 5 ते 6 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही. हा दोष वाटेल, पण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे रॉकमधल्या मुद्दाम फाडलेल्या आवाजात, त्यापुढे जो कचरा तयार होतो तो गाळण्याचं काम हा स्पीकरच करतो. तोच डिस्टॉर्शनचा आवाज गाणी ऐकायच्या स्पीकरमधून सरळ काढला तर मोहोळ उठल्यासारखा वाटतो. म्हणून गिटारचा अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर हे वाद्याचंच अंग धरावं.

आता वॅट. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) असं लिहून जे शेकड्यांचे आकडे छापतात त्यांच्याकडे पाहूच नये, आरएमएस (सलग मिळणारी ताकद) किती ते पाहावं. आणि तोही आकडा वाटतो तितका महत्त्वाचा नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे 10 वॅटचा घ्यावा की 15 चा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा फरक पडतो तो स्पीकरच्या कार्यक्षमतेने. स्पीकरला 1 वॅट दिला तर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, हे ते माप. चांगल्या 12 इंची गिटार स्पीकरचं ते 97 ते 100 च्या घरात असतं, स्वस्तातल्या छोट्या स्पीकरचं 90 च्या आसपासही असू शकतं. म्हणजे 100 च्या स्पीकरला दिलेला 1 वॅट आणि 90 च्या स्पीकरला दिलेले 10 वॅट सारखेच ऐकू येतात. फेंडरचा जुना चॅम्प हा अवघा 5 वॅटचा, 8 इंची स्पीकरचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प. शिकाऊ वादकांसाठी म्हणून तो निघाला आणि पुढे नावाजलेल्या वादकांनी तो रेकॉर्डिंगला वापरला. खोलीत सराव करायला 5 ते 20 वॅट भरपूर झाले. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल अ‍ॅम्प निदान 40-50 वॅटचा आणि शक्यतो 12 इंची स्पीकरचा लागतो. पण ती गरज पहिल्या वर्षात क्वचितच पडते. तिच्यासाठी आत्ताच जड अ‍ॅम्प घेऊन ठेवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

स्पीकरच्या मापाबद्दल मात्र तडजोड करू नये. सर्वांत जाड तार, सहावी, मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा असतो. 3 इंची स्पीकरला तो काढताच येत नाही. 165 आणि 247 हर्ट्झची वरची कंपनं ऐकू येतात आणि कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. ओळखू येतो, पण अंगाला लागत नाही. हाताचं वजन त्या तारेवर नीट पडतंय का, तळहाताच्या कडेने तार दाबून वाजवताना ती जास्त तर दबत नाही ना, हे कळायला खालचा स्वर ऐकू यावा लागतो. 5 इंची स्पीकरचे छोटे अ‍ॅम्प, उदाहरणार्थ रोलंडचा मायक्रो क्यूब, प्रवासाला आणि अगदी लहान खोलीला उत्तम. तो सहा पेन्सिल सेलवरही चालतो. रोजच्या सरावाला एकच अ‍ॅम्प घ्यायचा तर 6.5 इंच ही खालची मर्यादा मानावी आणि 8 इंच मिळत असेल तर तोच घ्यावा. स्पीकरइतकीच पेटीही बघावी. तोच 8 इंची स्पीकर पातळ प्लास्टिकच्या अरुंद पेटीत बसवला तर आवाज नाकातून येतो, जाड लाकडी पेटीत भरदार येतो.

पेटीची परीक्षा सोपी आहे, तिला दोन मिनिटं पुरतात. गेन (आत येणारा सिग्नल फुगवणारा नॉब) अगदी कमी, बास, मिड आणि ट्रेबल तिन्ही मधोमध. मग सहावी तार मोकळी, नंतर पहिला फ्रेट (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), दुसरा, असं बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सावकाश आणि सारख्याच जोराने वाजवायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. एखाद्याच स्वराला, बहुधा तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या आसपास, पेटी 'खर्रर्र' करून उठते. स्क्रू सैल असतो, पुढची जाळी थरथरते, नाहीतर मागची फळी नीट चिकटलेली नसते. जाळीवर तळहात दाबून धरला आणि खरखर थांबली तर जाळी, पेटीच्या बाजूला दाबल्यावर थांबली तर फळी. गिटारचीच तार फ्रेटला घासत असेल तर तीही अशीच ऐकू येते. तेव्हा तोच स्वर हेडफोन लावून ऐकावा. हेडफोनमध्येही खरखर असेल तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, गिटार तपासायची. स्क्रूचं काम घरीही होतं, फळीचं होत नाही. असा अ‍ॅम्प घेऊ नये.

आता कमी आवाजाची परीक्षा. अ‍ॅम्पपासून दोन पावलांवर बसून वाजवावं आणि शेजारचा माणूस आवाज न चढवता बोलला तरी ऐकू येईल इतपतच व्हॉल्यूम ठेवावा. पुष्कळ स्वस्त अ‍ॅम्पमध्ये हे जमतच नाही. नॉब शून्यापासून केसभर सरकवला की आवाज एकदम उसळतो. शून्य आणि एकच्या मधली जागाच तिथे नसते. घरात अख्खा सराव त्याच केसभर जागेत करायचा असतो आणि प्रत्येक वेळी तो बिंदू शोधताना शिकणारा वैतागतो. नॉब शून्यापासून हळूहळू फिरवत नेला तर निदान पाव फेरीपर्यंत आवाज टप्प्याटप्प्याने वाढला पाहिजे. दुसरं असं की आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून मांडलं. मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी आणल्यावर पातळ का वाटतो, त्याचं हे कारण. म्हणून बोलण्याच्या पातळीवर बास थोडा वाढवून आवाज भरतो की नुसता घुमतो, हे तिथेच बघून घ्यावं. मोठे अ‍ॅम्प घरात वापरता यावेत म्हणून काही बनावटींत वॅट कमी करण्याचा खटका असतो. बॉसच्या कटाना 50 मध्ये 50, 25 आणि अर्धा वॅट अशा तीन पायऱ्या आहेत. पुढे मागे बँडमध्ये वाजवायचं नक्की असेल तर असा अ‍ॅम्प चालेल.

गेन आणि मास्टर व्हॉल्यूम हे दोन नॉब वेगळे असलेच पाहिजेत. गेन म्हणजे आत शिरणारा सिग्नल किती फुगवायचा, मास्टर म्हणजे बाहेर किती सोडायचा. दोन्ही वेगळे असले की डिस्टॉर्शन भरपूर आणि आवाज हळू हे जमतं. एकच व्हॉल्यूम आणि ओव्हरड्राइव्हचं (सौम्य डिस्टॉर्शनचं) एक बटण असलेल्या अ‍ॅम्पमध्ये बटण दाबताच आवाज दुप्पट होतो आणि घरातून ओरडा येतो. मिडचा नॉबही असावा. गिटारचा जीव मधल्या पट्टीत आहे, तो नॉबच नसेल तर आवाज वळवायला फारसं काही हातात उरत नाही.

डिस्टॉर्शनबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नव्या मुलांना तोच आवाज हवा असतो आणि त्यात वावगं काहीच नाही, त्यासाठीच तर इलेक्ट्रिक गिटार. पण डिस्टॉर्शन सिग्नलचा माथा छाटून टाकतं. जोरात मारलेला आणि हलका मारलेला स्ट्रोक त्यामुळे जवळजवळ सारखेच ऐकू येतात. हाताचा असमानपणा झाकला जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उलट न वाजवलेल्या तारांची हलकी थरथर मात्र फुगून वर येते. म्हणून दोन्हींचा सराव लागतो, लय आणि जोर क्लीनवर, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या स्वच्छ आवाजावर, तारा दाबून गप्प ठेवणं डिस्टॉर्शनवर. अ‍ॅम्पचा क्लीन आवाज असा हवा की तो अर्धा तास ऐकून कान थकू नयेत. निवडताना आधी क्लीनच ऐकावा. पूर्ण कॉर्ड वाजवून सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का पाहावं. मग गेन साधारण निम्म्यावर नेऊन तीच कॉर्ड वाजवावी. सगळा गोळा झाला तर तो अ‍ॅम्प बाजूला ठेवावा. शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर आणावा. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन उतरत क्लीनकडे येतं, वाईटात नुसता आवाज कमी होतो आणि खरखर तशीच राहते.

व्हॉल्व्हचा, ट्रान्झिस्टरचा की डिजिटल मॉडेलिंगचा, हा वाद वादकांत कधी संपणार नाही. पहिल्या अ‍ॅम्पपुरतं आमचं मत स्पष्ट आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प नको. त्याचा खरा आवाज बऱ्याच व्हॉल्यूमला खुलतो, व्हॉल्व्ह काळाने झिजतात, स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 ते 400 व्होल्ट टिकून राहू शकतात. कुतूहलाने मागची फळी उघडणारी मुलं घरात असतील तर हे विसरून चालणार नाही. ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प दणकट असतो आणि त्याचा क्लीन बहुधा छानच असतो, छोट्या अ‍ॅम्पमधलं डिस्टॉर्शन मात्र बऱ्याचदा कोरडं. मॉडेलिंग अ‍ॅम्प अनेक अ‍ॅम्पचे आवाज गणिताने तयार करतो. लाइन सिक्सने 1996 मध्ये तसा पहिला अ‍ॅम्प आणला, आता लहान अ‍ॅम्पमध्येही ते तंत्र पक्कं बसलं आहे. कमी आवाजातही डिस्टॉर्शन भरदार मिळतं, म्हणून सरावाला तो सर्वांत सोयीचा. फक्त दोन अटी. गेन, व्हॉल्यूम आणि टोनचे खरे नॉब अ‍ॅम्पवरच असावेत. ज्याची निम्मी कामं फोनच्या अ‍ॅपमधूनच होतात, त्याचं अ‍ॅप पुढच्या फोनवर चालेनासं झालं की तो निम्मा मुका होतो. आणि शंभर आवाज आहेत म्हणून शंभर वापरू नयेत. एक क्लीन, एक हलकं ओव्हरड्राइव्ह, एक जड डिस्टॉर्शन, असे तीन साठवून ठेवावेत आणि सहा महिने दुसरं बटण दाबू नये. सरावाचा तास आवाज चाळण्यातच संपतो, हे अनेक घरांतलं चित्र आहे.

हेडफोनचा जॅक आणि फोनवरचं गाणं सोबत वाजवायचा ऑक्स इनपुट किंवा ब्लूटूथ, हे दोन्ही हवंच. हेडफोन लावल्यावर दोन्ही कानांत आवाज येतो का बघावं, काही अ‍ॅम्पमध्ये एकाच कानात येतो. हेडफोनच्या जॅकला स्पीकरचा गाळणारा परिणाम दिलेला नसेल तर डिस्टॉर्शन पुन्हा मोहोळासारखं येतं, तेही तिथेच ऐकावं. ब्लूटूथवरून फोनचं गाणं अ‍ॅम्पमध्ये आणणं ठीक. गिटारचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणं मात्र अजिबात नको. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दशांश ते दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 120 ठोक्यांवर असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, म्हणजे ठोक्याच्या एक पंचमांश ते दोन पंचमांश एवढा उशीर. त्यावर लय बसूच शकत नाही, उलट बिघडते. गिटारसाठीचे खास वायरलेस ट्रान्समीटर वेगळे, त्यांत उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो. हेडफोन वायरचेच घ्यावेत आणि आवाज बेताचा ठेवावा. 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तास ही अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामगारांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. गिटारच्या जॅकमध्ये थेट बसणारे हेडफोन अ‍ॅम्प, जसा व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग, रात्रीच्या सरावाला छान. पण तो एकटाच घेऊ नये, खोलीत हवा हलल्याशिवाय हाताला आवाजाचा अंदाज येत नाही.

वापरलेला अ‍ॅम्प घेण्यात काहीच गैर नाही. प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. खरखर आली तर बहुधा आत धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. जॅकमध्ये पिन हलवून आवाज तुटला तर जॅक बदलावा लागेल, तेही किरकोळ काम. अ‍ॅम्प बंद करून, जाळी निघत असेल तर, स्पीकरचा कागद मध्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा आणि अगदी हलका दाबावा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे, तो स्पीकर गेला. जळका वास आला तर पुढची तपासणीच करू नये.

घरी आणल्यावर अ‍ॅम्प जमिनीवर, कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवतात. कोपऱ्यात बास फुगतो. शिवाय वरचे स्वर स्पीकरच्या समोर अरुंद झोतात जातात, ते गुडघ्याला लागतात आणि कानापर्यंत येतच नाहीत. वाजवणारा ट्रेबल वाढवत जातो आणि समोर बसलेल्यांचे कान फुटतात. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवावा किंवा मागे कलता करून स्पीकर कानाकडे वळवावा, भिंतीपासून हातभर पुढे. एवढ्यानेही नवा अ‍ॅम्प घेतल्यासारखा फरक पडतो.

गुणगुण येते म्हणून अ‍ॅम्प परत करण्याआधी केबल अ‍ॅम्पमधून काढून पाहावी. गुणगुण थांबली तर ती गिटारची किंवा केबलची. गिटार हातात धरून जागेवरच फिरवली आणि ती कमी-जास्त झाली तर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप जवळच्या चार्जरची किंवा ट्रान्सफॉर्मरची कंपनं उचलतोय, जागा बदलावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं स्वाभाविक आहे, कारण तारा अर्थला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर ती वाढत असेल तर जोडणीत चूक आहे, ती दुरुस्त करून घ्यावी. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन गुणगुण घालवायला म्हणून कुणी कापत असेल तर त्याला थांबवावं. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आत बिघाड झाला तर तो शॉक थेट बोटांत येतो. अडॅप्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पला व्होल्ट, मिलिअँपिअर आणि मधल्या पिनेचं अधिक-उणे चिन्ह, तिन्ही जुळणाराच अडॅप्टर लावावा. गिटारच्या उपकरणांत मधली पिन बहुधा उणे असते, घरातल्या इतर अडॅप्टरची बहुधा अधिक.

केबल 3 मीटरची, आत धातूच्या जाळीचं आवरण असलेली गिटार केबलच घ्यावी. स्पीकरची वायर दिसायला तशीच असते, पण तिला ते जाळीचं आवरण नसतं आणि ती रेडिओसारखं सगळं पकडते. फार लांब केबलही नको, लांबीबरोबर वरची धार कमी होते. लावताना मास्टर शून्यावर, मग केबल, मग स्विच. काढताना पुन्हा मास्टर शून्यावर, मग स्विच, मग केबल, आणि तीही वायर न ओढता पिनेला धरून. आवाज अचानक गेला तर अ‍ॅम्प उघडण्याआधी दुसरी केबल लावून बघावी, बहुतेक वेळा तीच तुटलेली निघते.

आपला,
एक वाचक व गिटारशिक्षक